दुपारची लाट

आमच्या कॉलेजच्या मागच्या आवारात भूकंपमापनाची एक खोली होती. ती गेल्या महिन्यात पाडली. आतला खड्डा मुरूम टाकून बुजवला, आणि आता तिथं दुचाक्यांसाठी पत्र्याचं शेड होणार आहे. रोलर फिरत होता तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. पायाखालची फरशी थरथरत होती आणि मला सारखं वाटत होतं, की आत्ता बिराजदार मॅडम कुठून तरी धावत येतील आणि त्या रोलरवाल्यावर ओरडतील, "ए बाबा, थांब! आधी सांगायचं तरी, मला नोंद करू दे!"

महानंदा बिराजदार. उमरग्याकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावातल्या. घरात कन्नड, दारात मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. जिल्ह्यातली भूकंपमापनाची काही केंद्रं त्यांच्याकडं होती, त्यांतलं एक नळदुर्गला आमच्या आवारात. मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडं. माझा संबंध एवढाच. पण मॅडम आल्या की किल्लीवाला माणूस मोकळा राहत नसे.

त्या बसत नसत. खुर्ची पुढं केली की तिच्यावर पिशवी ठेवत आणि स्वतः खोलीभर फिरत. त्यांच्याशी बोलायचं तर आपणही फिरायचं. चहा उभ्यानं, तोही अर्धा. उरलेला कप खिडकीत विसरलेला असे आणि दुसऱ्या दिवशी त्यात मुंग्या. भाकरीवर शेंगाचटणी पसरून तिची सुरळी करायची आणि एका हातात ती, दुसऱ्या हातात केबल. फोनवर आपण "बरं" म्हणायच्या आत त्यांनी फोन बंद केलेला. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांना 'फिरता पंखा' म्हणत. त्यांना ते कळलं होतं. "पंखा बरा," म्हणाल्या, "निदान त्याला बटण तरी असतं."

त्यांचं काम थोडक्यात असं. खड्ड्यात, खडकावर टेकवलेला एक सेन्सर. जमीन हलली की तो विजेचा बारीक चढउतार करतो. तो चढउतार केबलमधून वर खोलीत येतो आणि डिजिटायझर नावाच्या डब्यात शिरतो. डबा तो ठरावीक अंतरानं, सेकंदाला कितीतरी वेळा मोजतो आणि आकडे करून संगणकाला देतो. संगणक त्या ठिपक्यांची लाट काढतो. आपण बघतो ती लाट. पण जमीन आणि लाट यांच्यामध्ये सेन्सर आहे, केबल आहे, अर्थिंग आहे, डबा आहे, आणि यांतलं कुणीही मधल्यामध्ये काहीबाही घुसडू शकतं.

"आधी आपल्यावर संशय घ्यायचा," त्या म्हणत. "जमिनीवर सगळ्यात शेवटी."

पहिल्याच दिवशी त्यांनी पडद्यावरच्या जुन्या नोंदी बघितल्या आणि कपाळाला हात लावला. हायवेवरून अवजड ट्रक गेला की आमच्या पडद्यावर भलीमोठी लाट उठायची. आमच्या प्राचार्यांना तिचं फार कौतुक. पाहुणे आले की ते आवर्जून दाखवत. मॅडमनी बोट ठेवलं ते लाटेच्या टोकावर. टोक नव्हतंच. वर सपाट, विळ्यानं कापल्यासारखं.

"डब्याला जेवढं मोजता येतं त्याच्या वर गेलं की तो कापून टाकतो. कुणीतरी हौसेनं इथली संवेदनशीलता वाढवून ठेवलीय. आता खरा धक्का आला तर किती मोठा होता, हे कोण सांगणार?"

त्यांनी ती कमी केली. पडद्यावर जवळजवळ सरळ रेघ उरली. प्राचार्य हिरमुसले. "मॅडम, यात तर काहीच दिसत नाही."

"सर, काही दिसत न्हाय म्हणजे जमीन शांत हाय. ह्यात वाईट काय वाटायचंय?"

नंतर आमच्या रेघेला एक बारीक गुणगुण लागली. सरळ रेघ जाड, केसाळ दिसायला लागली. ही घरगुती विजेची गुणगुण, हे मलाही कळत होतं. पण ती शिरते कुठून? मॅडमचा नियम कडक होता : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं गुण आला ते कधीच कळत नाही. म्हणून त्यांनी कॉलेजातली एकेक गोष्ट बंद करायला लावली. आधी पाण्याचं मशीन, मग ऑफिसातले पंखे, मग प्राचार्यांचा एसी. त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक घामानं थबथबले होते आणि मॅडम जिन्यावरून ओरडत होत्या, "आता फक्त झेरॉक्सचं मशीन! बाकी कशाला हात लावू नका!"

काहीच फरक पडेना. शेवटी त्या रस्त्यावर गेल्या आणि उसाची रिकामी ट्रॉली घेऊन चाललेला एक ट्रॅक्टर अडवला. त्या ड्रायव्हरला काय सांगितलं कोण जाणे, पण थोड्या वेळानं तो माणूस स्वतः आपली बॅटरी उचलून आमच्या खोलीत घेऊन आला. डबा त्या बॅटरीवर चालवला, भिंतीच्या विजेपासून पूर्ण सोडवला. गुणगुण बंद. पुन्हा भिंतीला जोडला, गुणगुण चालू. मग त्यांनी केबल हातात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली आणि एकदम हसल्या. केबलच्या वरच्या जाळीला दोन्हीकडं अर्थिंग केलेलं होतं, खड्ड्यातही आणि खोलीतही. दोन अर्थिंगांमध्ये थोडा फरक होता, म्हणून वीज त्या जाळीतून गोल फिरत बसली होती. त्यांनी एक टोक सोडवलं.

"साकु!" म्हणाल्या. पुरे, झालं. काम संपलं की त्यांच्या तोंडी हा कन्नड शब्द यायचा. पण तो म्हणून होईपर्यंत त्या दाराबाहेर पडलेल्या असत.

त्यांचं हे सारखं धावणं मला आधी सवयीचं वाटलं होतं. त्यामागं काय आहे ते कळलं दुपारच्या लाटेच्या वेळी.

अणदूरच्या पलीकडं माळावर एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या मुलींच्या सोयरिकी भूकंपाच्या बातम्यांमुळं आधीच लांबल्या होत्या. त्या गावात जमिनीतून आवाज यायला लागले. दणका बसावा तसा एकच आवाज, भांडी हलायची, आणि मग काही नाही. आमच्या भागात असे आवाज नवीन नाहीत. पण किल्लारीचा भूकंप ज्यांनी अंगावर घेतला, त्यांना अशा वेळी घरात थांबवत नाही. लोकांनी बाजा शेतात काढल्या. शाळा लिंबाखाली भरायला लागली.

त्यातच आमच्या पडद्यावर रोज एक लाट दिसायला लागली. मोठी, सावकाश, संथ. सकाळी उन्हं वर आली की उठायची, दुपारी सगळ्यात मोठी व्हायची आणि संध्याकाळी विरून जायची. आमच्या एका कारकुनानं मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा यूट्यूब चॅनेलवाल्यानं लाल अक्षरात लिहिलं, 'रोज दुपारी हलते जमीन!' आता शेजारच्या गावांतल्याही बाजा बाहेर निघाल्या. तहसील कार्यालयातून प्राचार्यांना फोनवर फोन.

मॅडम आल्या त्या कुणाशी न बोलता थेट खोलीत शिरल्या. पडद्यासमोर उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या फिरत नव्हत्या, फक्त डाव्या पायाचा अंगठा फरशीवर आपटत होता.

"सर, खड्ड्याची केबल काढा."

मी डब्यातून केबल उपसली. तिच्या जागी त्यांनी एक छोटी पिन बसवली. सेन्सरच्या जागी नुसता विजेला अडवणारा एक तुकडा. म्हणजे आता डब्याला जमीन ऐकूच येत नव्हती. पडद्यावर सरळ रेघ यायला हवी होती.

लाट तशीच चालू राहिली.

"बघा," त्या हळूच म्हणाल्या. "जमीन तोडून टाकली तरी जमीन हलतेच हाय."

मग त्यांनी डब्याची मोजण्याची गती बदलली. सेकंदाला आधीपेक्षा कमी वेळा मोजायला लावलं. लाट तर राहिली, पण तिची चाल बदलली. आधी सावकाश होती, आता भराभर वरखाली व्हायला लागली. मॅडम टाळी वाजवून वळल्या.

"खरी लाट असती तर आपण कसंही मोजलं तरी तिची चाल तीच राहिली असती. ही आपल्या मोजण्यापरमाणं नाचते. मोबाइलच्या व्हिडिओत पळत्या गाडीचं चाक कधी उलटं फिरताना दिसतं का न्हाय? तसं. कुठंतरी काहीतरी लई वेगानं थरथरतंय. आपला डबा मधले मधले ठिपकेच उचलतो, ते जोडले की सावकाश लाट दिसते. असली थरथर अडवायला डब्यात गाळणी असते. ती गेलेली दिसते."

पण थरथरतंय काय? आम्ही बाहेर आलो. पुन्हा एकेक मशीन बंद करणं सुरू झालं. मी आत पडद्याजवळ, त्या बाहेर. मध्येच लाट आपली आपण बसली. मी ओरडलो, "मॅडम, काय बंद केलं?"

"काहीच न्हाय!"

पुन्हा लाट उठली. पुन्हा बसली. मी दारात आलो. मॅडम अंगणात मान वर करून उभ्या होत्या. आभाळात पांढऱ्या ढगांचे तुकडे पळत होते आणि अंगणात ऊन-सावली, ऊन-सावली होत होती. त्यांनी हळूहळू नजर खाली आणली ती आमच्या गच्चीवर.

"ते सोलरचं कधी बसवलं?"

नुकतंच बसलं होतं. त्याचा इन्व्हर्टर जिन्याखाली होता, आणि खोलीची वायर त्याच्याच पेटीतून गेलेली. मी इन्व्हर्टर बंद केला. पळत आत गेलो. रेघ सरळ. ऊन पडलं की वेगानं थरथरत होता तो हा. रोज दुपारी हलत होती ती जमीन नव्हती, आमच्या गच्चीवरचं ऊन होतं.

मला इतका आनंद झाला की मी प्राचार्यांना फोन लावायला निघालो. मॅडमनी मला थांबवलं. त्या मागच्या नोंदी उघडून बसल्या होत्या. खरंच बसल्या होत्या, खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन. गावकरी आवाज सांगत होते ते बहुतेक पहाटेचे, दूध घालायच्या वेळचे. तेव्हा ऊन नसतं, म्हणजे खोटी लाटही नसते. त्या वेळच्या रेघेवर एके ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं. बारीकसा झटका. मग दुसऱ्या दिवशीचा, तिसऱ्या दिवशीचा. आम्ही केबलपासून सगळं पुन्हा तपासलं. हे झटके कशानंही जाईनात.

"हे जमिनीचं हाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नायब तहसीलदार त्यांना जीपमधून गावाला घेऊन निघाले. मलाही बरोबर घेतलं. साहेब खुशीत होते. "मॅडम, लोकांना एवढंच सांगा, की मशीनमध्ये बिघाड होता, काही नाही. लोक घरात गेले की माझं टेन्शन गेलं."

"लाट खोटी होती हे सांगते. आवाज खरा हाय हे बी सांगणार."

"अहो, कशाला? लहानसाच आहे म्हणता ना?"

"लहान हाय. पण हाय. आज लपवलं आन् उद्या कुणाला कळलं, तर परवा आपलं काहीच कुणी ऐकायचं न्हाय."

जीप माळाच्या कच्च्या रस्त्याला लागली. मॅडमचे हात मांडीवर स्थिर राहत नव्हते. मग बाहेर बघत, मला की स्वतःला कुणास ठाऊक, त्या बोलायला लागल्या. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं घर पडलं. दगडाच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. त्या लहान होत्या. शेजारी धाकटी बहीण झोपलेली. त्यांना काढलं, बहिणीला काढेपर्यंत उशीर झाला.

"नंतर तंबूत एक मास्तर आले होते. म्हणाले, हा भूकंप लांबलांबच्या मशीनवर नोंदलाय. मला असा राग आला, सर! नोंदलाय म्हणजे काय? लिहून घेतलं आन् सांगितलं न्हाय? मोठी झाल्यावर समजलं की मशीनला आधी कळतच न्हाय. कुणालाच कळत न्हाय. मग म्हटलं, निदान जे नोंदतंय ते तरी खोटं नको."

हात चालूच होते.

गावात लोक शाळेच्या लिंबाखाली जमले होते. मॅडमनी उभ्यानंच सगळं सांगितलं. फोटोतली लाट कशी खोटी, ढग आल्यावर ती कशी बसली, ऐकून पोरं हसली. मग त्या म्हणाल्या, "पण तुमी ऐकता तो आवाज खरा हाय. जमीन बारीक हलती. माझ्याकडं नोंद हाय."

साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. मागून एक म्हातारी उठली. सोजरबाई तिचं नाव. ती सरळ मॅडमपुढं येऊन उभी राहिली.

"इतके दिस सगळे म्हणतेत, खाणीतला सुरुंग असंल, म्हातारीला भास होत असंल. तूच पहिली म्हणालीस, खरं हाय म्हणून." तिनं मॅडमचा दंड धरला. "आता एवढं सांग. माझी नातसून बाळंतीण हाय. लेकरू घेऊन ताडपत्रीखाली पडलीय. वारं बघ कसं सुटलंय. तिला आत न्यावं का न्हाय?"

साहेब पुढं सरसावले. "आजी, बिनधास्त न्या."

"तुमाला न्हाय इचारलं," सोजरबाई म्हणाली.

मॅडमचा चेहरा उतरला. ज्या बाईला मी प्राचार्यांपासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत कुणालाही ताडकन उत्तर देताना पाहिलं होतं, ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "आजी, उद्या काय हुईल ते मशीनला कळत न्हाय. मला बी न्हाय."

"मग तुजं मन काय म्हणतंय? तू झोपशील का माझ्या घरात?"

"दाखवा घर," मॅडम म्हणाल्या.

घर भूकंपानंतरचं होतं. विटांच्या भिंती, वर पत्रे. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर मोठमोठे दगड ठेवलेले. आत भिंतीला लागून बाज, बाजेच्या वर फळी आणि फळीवर पितळेचे हंडे, पाटा, जात्याची तळी. मॅडमनी चपला काढल्या. सगळं गाव दारात. त्या आत गेल्या आणि त्या बाजेवर आडव्या झाल्या. तोंड भिंतीकडं.

वाऱ्यानं पत्रे वाजत होते. मला इतकं अस्वस्थ वाटत होतं की मी दोनदा आत जायला निघालो आणि दोनदा थांबलो. त्यांचे पाय हलत होते. मग तेही थांबले. झोप लागली असावी असं वाटायला लागलं तेवढ्यात त्या उठल्या. डोळे लाल होते.

"झोप लागली न्हाय," त्या दारात येऊन मोठ्यानं म्हणाल्या. "मला कुठंच लवकर लागत न्हाय, त्यात घराचा दोष न्हाय. पण पडल्या पडल्या सगळं बघून घेतलं. आजी, ते पत्र्यावरचे दगड आधी खाली. पत्रे हुकानं आवळून घ्या. फळीवरचं जड सगळं जमिनीवर. बाज भिंतीपासून काढून दाराजवळ. दाराला आतून कडी नको, वाटेत काही ठेवू नका. मग बाळंतिणीला आत आणा. तुमच्या जागी मी असते तर आणलं असतं. बाळंतीण माझी बहीण असती तरी आणलं असतं."

सोजरबाई मागं वळून आपल्या नातवाला म्हणाली, "शिडी आण रं."

दगड उतरायला लागले. पहिला दगड मॅडमनी खाली उभं राहून हातात घेतला. मग शेजारच्या घरावर माणसं चढली, मग त्याच्या पलीकडच्या. नायब तहसीलदारांनीही बाह्या वर करून हंडे खाली काढले. मन लावून काढले, हे सांगायला हवं. उन्हं कलायच्या आत बाळंतीण आत आली. लेकरू रडत होतं, ते गप्प झालं. साहेब निघताना मॅडमना म्हणाले, "हे बाज, पत्रे, दगड, सगळ्या गावांत सांगायचं का आपण? तुम्ही येणार?" मॅडमनी मान डोलावली. पुढचे काही आठवडे त्या दोघांनी माळावरची गावं अशीच पालथी घातली.

आवाज आणखी काही दिवस येत राहिले आणि मग कमी होत गेले. का आले आणि का गेले, हे मॅडमनाही सांगता आलं नाही. आमच्या डब्यातली गाळणी त्यांनी बदलून घेतली आणि वायर सोलरपासून वेगळी केली. पुढं त्यांची बदली दूर, डोंगराळ भागातल्या केंद्रांवर झाली. निरोपसमारंभ ठेवला होता. त्या आल्या नाहीत. प्राचार्यांनी आणलेली शाल अजून ऑफिसच्या कपाटात आहे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच सुमारास, बसमधून. सोलापूरला निघालो होतो. घाटाच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं म्हणून गाड्या तुंबल्या होत्या. कडेला एक जीप उभी होती. मॅडम जीपच्या टपावर गुडघे टेकून यंत्रांच्या पेट्या दोरीनं आवळत होत्या. ट्रक जात होते, धूळ उडत होती, केस तोंडावर येत होते आणि खाली उभ्या ड्रायव्हरला त्या कन्नडमधून काहीतरी ठणकावत होत्या. मी खिडकीतून हात बाहेर काढून हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. दोरीचं एक टोक त्यांनी दातांत धरलं होतं. त्यांनी गाठ मारली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली. बस हलली. मी वळून बघत राहिलो. त्यांना ती गाठ पटली नव्हती. त्या ती सोडत होत्या, पुन्हा बांधण्यासाठी.